मोटर लावली म्हणून काय झालं?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. रविवारच्या सायकल ग्रुपवर फर्मान आलं, "ई-सायकलवाल्यांनी कृपया येऊ नये, ही चीटिंग आहे." खाली धडाधड अंगठे. त्यातले निम्मे कारच्या मागे सायकल बांधून येतात, ते असो.

चीटिंग कुणाशी हो? खडकवासल्याला पोचलं की पदक देतात का?

बाबांच्या जुन्या काळ्या सायकलला मी गेल्या वर्षी मोटर बसवली. त्याच सायकलवर त्यांनी कारखान्याच्या तिन्ही पाळ्या केल्या. मग गुडघे गेले आणि सायकल जिन्याखाली गेली. पुढच्या चाकात हब मोटर (म्हणजे चाकाच्या मधोमध बसणारी), कॅरियरवर ३६ व्होल्टची बॅटरी. दुकानातले काका २८ इंची रिममध्ये मोटरचे आरे भरताना मला अखंड शिव्या घालत होते. सळीचे ब्रेक काढले म्हणून बाबा दोन दिवस बोलले नाहीत. आणि पहिल्याच चाचणीत चिमट्यातला अॅक्सल, म्हणजे चाकाचा आस, गर्रकन फिरला, वायरी पिळवटून तुटल्या. सायकल स्टँडवर होती म्हणून दात शाबूत आहेत. अॅक्सलला असं फिरू न देणारी टॉर्क आर्म नावाची बोटभर लोखंडी पट्टी मी 'नंतर लावू' म्हणून ठेवली होती. अक्कल अशीच येते.

मुद्द्यावर येतो. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर कायदासुद्धा तिला मोटार वाहन म्हणत नाही. लायसन्स नाही, नंबरप्लेट नाही. सरकारला जे कळलं ते आमच्या अॅडमिनला कळेना!

हो, शर्यतीत मोटर नको, मान्य. २०१६ मध्ये बेल्जियमला सायक्लोक्रॉसच्या (चिखलमातीतल्या सायकल शर्यतीच्या) जागतिक स्पर्धेत एका खेळाडूच्या सायकलीत लपवलेली मोटर सापडली, तिच्यावर सहा वर्षांची बंदी आली. बरोबरच झालं. आणि हजार वॉटची मोटर लावून फुटपाथवरून सुसाट जाणाऱ्यांना दोन फटके द्या, माझी हरकत नाही. पण आपण मिसळ खायला जातो रे!

कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाकडे चढ लागतो तिथे एकदा बाबांच्या मागे होतो. पूर्वी हातात सायकल धरून चढायचे. त्या दिवशी पाय फिरत होते, मोटर बारीक गुणगुणत होती, आणि ते चक्क शीळ घालत होते. घरी बाबांनी शीळ घातलेली मी कधी ऐकली नव्हती. बावधनला आत्याच्या दारात घंटी वाजवली तर ती आधी रिक्षा शोधत बसली.

पेडल मारलं तरच मोटर चालते, हे किती वेळा सांगायचं? पेडल न मारता मोटर चालवायला हँडलला थ्रॉटल होता, तोही बाबांनी काढायला लावला. "अरे, हे बटण काढ. बसून जायचं तर स्कूटर काय वाईट होती?"

बॅटरी एकदा पूर्ण भरायला अर्ध्या युनिटच्या आसपास वीज लागते. आता सोसायटीत त्यावरूनही कुणीतरी कुरकुर करणार. बॅटरीची भीती वाटते म्हणाल तर ती खोटी नाही. स्वस्तातली घेऊ नका, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नका. बस.

जाऊ दे. मगाशी फार तावातावाने लिहिलं, अॅडमिन तसा वाईट माणूस नाही.

तो मेसेज मी बाबांना दाखवलेला नाही. ते आत्ता खाली गेलेत. उद्यासाठी हवा भरून ठेवलीय, आणि दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघतायत.