पाडवा ते पाडवा: बोन्सायचं पहिलं वर्ष

बोन्साय करायचं मनात आलंय ना? मग मुहूर्त गुढीपाडव्याचाच धरा. साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, आणि त्यानंतर सोलापूरचं ऊन असं तापतं की मे महिन्यात पारा ४२-४३ला जाऊन बसतो. पावसाळ्याच्या तोंडावर सुरुवात केली तर झाड जगायची शक्यता असते. पहिल्याच वर्षी झाड जगलं तर तुम्ही शिकणार काय?

वड, उंबर, नांदरुक असली आपल्याकडची झाडं घेऊ नका. ती काय, भिंतीच्या फटीतसुद्धा येतात. तुम्ही जुनिपर घ्या. रोपवाटिकेतला माणूस ‘साहेब, ओरिजिनल जपानी’ म्हणेल, त्यावर विश्वास ठेवा. वाकलेला बुंधा, खाली शेवाळ, शेवाळावर गळ टाकून बसलेला चिनीमातीचा म्हातारा. म्हाताऱ्यासकट दीड हजार. घासाघीस करून बघा. तो म्हातारा काढून घेईल आणि झाड दीड हजारालाच देईल.

आणल्या आणल्या जुनिपर टीव्हीशेजारी ठेवा. खरं तर हे उघड्यावर वाढणारं झाड. त्याला ऊन लागतं, वारा लागतो, हिवाळ्यात थंडीची झोप लागते. आपला हिवाळा म्हणजे गड्ड्याच्या जत्रेत दोन संध्याकाळी स्वेटर घालायचा, तेवढाच. पण टीव्हीशेजारी नाही ठेवलं तर पाहुण्यांना दिसणार कसं? जुनिपरचा एक गुण मात्र मानलाच पाहिजे. मेल्यावरही ते कित्येक आठवडे हिरवंच दिसतं. आमचं एप्रिलच्या मध्यावर कधीतरी गेलं असावं. मी जूनपर्यंत त्याला पाणी घालत होतो आणि ‘नवी पालवी येतेय बघ’ म्हणून हिला दाखवत होतो. एक दिवस हिने पालवी बघायला फांदीला नुसतं बोट लावलं, तर सगळी फांदी भुरुभुरु टीपॉयवर उतरली. ‘केर तुम्ही काढताय का मी?’ एवढंच म्हणाली.

मातीसाठी गावाकडे फोन करा. मंगळवेढ्याच्या ज्या काळ्या रानात मालदांडी ज्वारी कंबरेच्या वर जाते, तिथलं पोतंभर आणवा. काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, वाळली की तिला भेगा पडतात. जिराईत ज्वारीला ते मानवतं. दोन इंच खोल ट्रेमध्ये मात्र मुळांची अवस्था आधी चिखलात रुतलेल्या बैलासारखी होते आणि मग भेगेत अडकलेल्या पायासारखी. जाणकार लोक विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडं खत असं मिश्रण करतात, त्यातली धूळ चाळून टाकतात, म्हणजे पाणी सरसर खाली जातं. जपानी लोक त्यासाठी अकादामा नावाची ज्वालामुखीची दाणेदार माती वापरतात. हे सगळं मलाही ठाऊक होतं. मी गच्चीत विटा फोडल्यासुद्धा, आणि घरातल्या पिठाच्या चाळणीने चाळल्या. त्यानंतर घरात जे झालं त्याचा बागकामाशी संबंध नाही. विटांचे तुकडे रंगाच्या रिकाम्या बादलीत भरून टाकीमागे ठेवले आणि काळ्या मातीवरच भागवलं.

ट्रे घेताना खाली भोक नसलेला घ्या. भोक असलं की पाणी गळतं आणि टीव्हीचं कपाट फुगतं.

आता पाणी. मातीत उदबत्तीची काडी खुपसायची, थोड्या वेळाने उपसून बघायची. ओली निघाली तर पाणी द्यायचं नाही, कोरडी निघाली तर खालच्या भोकातून वाहीपर्यंत द्यायचं. इतकी सोपी युक्ती आहे, म्हणून ती वापरायची नाही. तुम्ही नळाच्या वेळापत्रकाने चाला. उजनीचं पाणी भीमेवरून शंभरेक किलोमीटर पाइपातून येतं, ते काही रोज तुमच्या झाडाची विचारपूस करायला येणार नाही. ज्या दिवशी नळ येईल त्या दिवशी पिंप, कळश्या, पातेली, ताटल्या भरा आणि उरलेलं सगळं झाडाच्या मुळाशी ओता. पुढचे चार दिवस त्याला माणसांसारखं राहायला शिकवा.

वड घेऊ नका म्हणालो, पण तो गळ्यात पडतोच. आम्हाला मे महिन्यात मेव्हण्यांनी दिला. फूटभर उंच, पारंब्यांची नुसती सुरुवात, आणि डावीकडे एकच फांदी, पण अशी देखणी की बघत राहावं. घरी आल्या दिवशीच त्याला ॲल्युमिनिअमची तार गुंडाळा. झाड नव्या जागेला रुळेपर्यंत थांबावं, तार फांदीला पंचेचाळीस अंशांत तिरकी घ्यावी, हे थांबणाऱ्या माणसांसाठी. मी रोज सकाळी चहा घेताना ती फांदी एक केसभर खाली वाकवत होतो. ती कशी वळतेय हे मेव्हण्यांना रोज फोनवर सांगत होतो.

मग आली वटपौर्णिमा.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना वासच लागला. ‘तुमच्याकडे वड आहे म्हणे? मग उन्हातान्हात कशाला बाहेर जायचं?’ सकाळी साडेनऊला हॉलमध्ये सात बायका. वड प्लास्टिकच्या खुर्चीवर, त्याच्याभोवती साताजणींच्या प्रत्येकी सात फेऱ्या, टीपॉय भिंतीला सरकवलेला, मी स्वयंपाकघरात. हळद, कुंकू, आंबा, आणि दूध. दूध कुठे जाणार? ट्रेला भोक नव्हतं, हे वर सांगितलंच. सूत तर इतकं गुंडाळलं की शेवटी खुर्चीवर झाड दिसेना, यंत्रमागावरची कांडी ठेवल्यासारखं दिसत होतं. जाताना एका अक्कांच्या लक्षात आलं, त्यांच्या जाऊबाईंना गुडघ्यांमुळे जिने चढता आले नव्हते. ‘एक फांदी नेते हं, घरी पूजा करतील,’ म्हणाल्या. आणि कट्. तार असल्यामुळे जरा जोर लावावा लागला, तेवढाच त्रास झाला बिचाऱ्यांना.

उरलेल्या बुंध्याची तार तशीच राहू द्या. वडाच्या जातीची झाडं पावसाळ्यात झपाट्याने जाडावतात. तार वेळेवर कापली नाही तर सालीत रुतते आणि तिचे वळ वर्षानुवर्षं जात नाहीत. गणपतीत पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, ही जपानी शैली आहे. आमच्या एका मित्राने बराच वेळ बघून विचारलं, ‘का बे, झाडाला मूळव्याध झालाय का?’ अशा मित्रांना आरतीलाच बोलवा, प्रसाद द्या आणि वाटेला लावा.

खताबाबत मात्र आपण सोलापूरकर कमी पडत नाही. शेंगदाण्याची पेंड पाण्यात भिजवून ठेवावी, आठवड्याने ते पाणी भरपूर पातळ करून द्यावं, हा जुनाच प्रकार आहे. माळ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं, म्हणून बादली पंधरा दिवस झाकून ठेवा. झाकण उघडल्यावर दुसऱ्या मजल्यावरच्यांनी सलग तीन दिवस घरात मेलेला उंदीर शोधला, कपाटं सरकवली, शेवटी माणूस लावला. मीही शोधायला मदत केली.

निराश व्हायचं काही कारण नाही. वॉशिंग्टनच्या बोन्साय संग्रहालयात एक पाइन आहे. १६२५पासून त्याची निगा राखली जातेय. १९४५मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो तिथून दोन मैलांच्या आतच होता, तरी वाचला, आणि १९७६मध्ये जपानने तो अमेरिकेला भेट दिला. मी हिला मोठ्या उत्साहाने हे सांगितलं. ही म्हणाली, ‘बरं झालं, आपल्याकडे नाही दिला.’

वास्तूवाले येतील. खुंटवलेलं झाड घरात ठेवलं की पोरांची वाढ खुंटते म्हणतील. त्यांना मुलाचे बूट दाखवा. आमचा दहावीतच दहा नंबरचे घालतो.

आता ऑगस्टमधली एक किरकोळ गोष्ट. मागच्या बाजूला सांडपाण्याच्या पाइपाशेजारी, गच्चीच्या कठड्याच्या फटीत एक पिंपळ उगवला होता. कुणी लावला नाही, कुणी पाणी घातलं नाही. बुंधा अंगठ्याएवढा, मुळं विटांवर कोळ्याच्या पायांसारखी पसरलेली. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, रविवारी ॲसिड ओततो. शनिवारी संध्याकाळी मी छिन्नी-हातोडा घेऊन तो काढला. निम्मी मुळं भिंतीतच राहिली. पानं सगळी कापून टाकली, आणि हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून टाकीमागच्या बादलीत, विटांच्या तुकड्यांत खोचला. त्या बादलीला खाली चिरही होती. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, पिंपळावर मुंजा असतो, घरात नको. मी म्हणालो, काकू, वीतभर पिंपळावर केवढा मुंजा मावणार! तरी खाली आणला नाही. वड वाचवायच्या गडबडीत मग तो विसरूनच गेलो. दिवाळीत वड गेला.

परवा पाडव्याला गुढीची काठी आणायला गच्चीवर गेलो. टाकीच्या सावलीत बादली होती तिथेच होती. ही कपडे वाळत घालायला जाताना तांदळाचं धुवण त्यात ओतत असे म्हणे. जुनी पानं गळून गेली होती आणि प्रत्येक टोकाला तांब्याच्या रंगाची, बोटाच्या पेराएवढी पानं फुटली होती, इतकी पातळ की त्यांच्यातून ऊन दिसत होतं.

तुमचाही असा एखादा पिंपळ जगला असेल तर आता वेळ दवडू नका. भर उन्हात बादलीतून उपसा, काळ्या मातीचं उरलेलं अर्धं पोतं काढा, ट्रे धुऊन घ्या आणि त्याला खाली आणा. टीव्हीशेजारची जागा रिकामीच आहे.