फिंगोलिमोड आणि हृदय: फिरत्या संदेशाबाबत खुलासा
‘मल्टिपल स्क्लेरोसिसची फिंगोलिमोड गोळी हृदय बंद पाडते, ताबडतोब सोडा’ असा जो संदेश रत्नागिरी-सिंधुदुर्गातील व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरत आहे, तो अर्धसत्य आहे. (मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे मेंदू व मज्जारज्जूतील मज्जातंतूंच्या आवरणाला इजा करणारा आजार.) पहिल्या मात्रेनंतर नाडी मंदावते हे खरे. म्हणूनच त्या दिवशी रुग्णाला किमान ६ तास देखरेखीखाली ठेवून दर तासाला नाडी व रक्तदाब मोजतात आणि आधी व शेवटी ईसीजी काढतात. गेल्या ६ महिन्यांत हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेलेल्यांना ती देत नाहीत. गोळी परस्पर सोडणे मात्र घातक, कारण आजार उसळू शकतो. शिवाय पहिल्या महिन्यानंतर १४ दिवसांहून अधिक खंड पडल्यास देखरेखीचा सारा खटाटोप पुन्हा करावा लागतो. पावसाळ्यात घाट बंद पडतात, तेव्हा गोळ्या आधीच आणून ठेवाव्यात.