सात घोषणा म्हणजे सात कर्णे नव्हेत

रविवारी उपासना संपल्यावर मावशीकडे गेलो होतो. ताट वाढायच्या आधीच तिनं मोठ्या अक्षरांचं बायबल माझ्यापुढं सरकवलं. दानीएलाचा बारावा अध्याय उघडा होता. समासात लाल पेनानं 1290, 1335 असे आकडे आणि त्यांच्याखाली तारखा लिहिलेल्या. आकडे वाकडेतिकडे, एकमेकांवर चढलेले, कारण तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन गेल्या मंगळवारी होतं. ती गेलीच नाही. म्हणाली, "आता डोळ्याचं काय करायचंय बाळा? थोडंच दिवस ऱ्हायल्यात."

याला कारण एक ऑडिओ. कोल्हापुरातल्या शाहूपुरीपासून गडहिंग्लजपर्यंत आपल्या कित्येक ख्रिस्ती घरांत तो व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्यातला दावा असा: एका मंडळानं 2018 पासून सात मेळावे घेतले, प्रत्येकात एक घोषणा वाचली, आणि त्या सात घोषणा म्हणजेच बायबलाच्या शेवटच्या पुस्तकातले, प्रकटीकरणातले सात कर्णे. मेळाव्यांमधले दिवस दानीएलाच्या 1290, 1335 दिवसांच्या आकड्यांशी जुळतात. 2021 च्या महापुराचा इशाराही त्यांनी आधीच दिला होता. तेव्हा शेवट दारात आलाय. मंडळाचं नाव मी लिहीत नाही, कारण ऑडिओ पुढं पाठवणारी माणसं आपल्याच नात्यागोत्यातली आहेत. पण गप्पही बसणार नाही.

आधी कर्ण्यांचं बघू. प्रकटीकरणाचा आठवा आणि नववा अध्याय कृपा करून स्वतः उघडा. पहिला कर्णा वाजतो तेव्हा गारा आणि रक्तमिश्रित अग्नी पडतो, एक तृतीयांश झाडं जळतात, हिरवं गवत सगळं जळून जातं. तिसऱ्याला कडूदवणा नावाचा तारा नद्यांवर आणि झऱ्यांवर पडतो आणि कडू पाण्यानं माणसं मरतात. पाचव्याला टोळ येतात आणि पाच महिने माणसांना विंचवासारख्या वेदना देतात. सहाव्याला वीस कोटींचं घोडदळ निघतं आणि एक तृतीयांश माणसं मारली जातात. आता ऑडिओतली सहावी घोषणा कुठली? "घरोघरी पत्रकं वाटा." मेळाव्यात ठराव वाचला, टाळ्या वाजल्या, पत्रकं वाटली, आणि याला तुम्ही एक तृतीयांश मनुष्यजातीचं मरण म्हणता? शिवाय कर्णे वाजवणारे सात जण देवासमोर उभे राहणारे देवदूत आहेत, हे आठव्या अध्यायाच्या दुसऱ्याच ओवीत लिहिलंय. मेळाव्याच्या अध्यक्षाला ती जागा दिली कुणी?

प्रकटीकरणाची भाषा प्रतीकांची आहे, हे मला मान्य आहे. पण योहानानं ते पत्र इफिस, स्मुर्णा, पर्गम अशा सात मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, छळ सोसणाऱ्या माणसांना धीर द्यायला लिहिलं. अठराशे-एकोणीसशे वर्षांनी कुणाच्या तरी हॉलमध्ये काय ठराव होणार, हे सांगून त्यांना कसला धीर मिळणार होता?

आणि ही कल्पना नवीनही नाही. अमेरिकेतल्या वॉच टॉवर सोसायटीनं, म्हणजे यहोवाच्या साक्षीदारांच्या संस्थेनं, नेमकं हेच आधी केलंय. 1922 ते 1928 या सात वर्षांत त्यांची सात अधिवेशनं झाली. पहिलं ओहायोतल्या सीडर पॉइंटला, मग लॉस एंजलिस, कोलंबस, इंडियानापोलिस, लंडन, टोरांटो आणि शेवटचं डेट्रॉइटला. तिथं मंजूर झालेले ठराव म्हणजे सात कर्णे, असं 1988 साली प्रकटीकरणावरच्या स्वतःच्याच पुस्तकात त्यांनी छापलं. ऑडिओतला सांगाडा तोच आहे, गावं आणि साल तेवढी बदललीत.

त्याच वर्षांत त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती कुणालाही तपासून बघता येण्यासारखी होती. अध्यक्ष रदरफोर्ड यांनी 1920 च्या पुस्तिकेत लिहिलं की 1925 मध्ये बायबलातले पूर्वज अब्राहाम, इसहाक आणि याकोब पुन्हा जिवंत होऊन पृथ्वीवर येतील. लोक वाट बघत राहिले. 1925 उजाडलं आणि मावळलं, कुणी आलं नाही. पुढं 1929 मध्ये सॅन दिएगोत 'बेथ सारीम' नावाचं घर बांधलं, त्याच्या कागदपत्रांत दावीद, शमुवेल यांच्यासाठी ते राखल्याची नोंद केली, आणि त्यात राहिले स्वतः रदरफोर्ड. तिथंच 1942 मध्ये ते वारले. चौथा कर्णा मानलेलं इंडियानापोलिसचं अधिवेशन कुठल्या सालचं? 1925 चंच. जे भाकीत तपासता आलं ते पडलं. जे तपासताच येत नाही त्याला 'पूर्ण झालं' म्हटलं गेलं.

त्या साक्षीदारांच्या धैर्याबद्दल मला आदर आहे. हिटलरच्या छळछावण्यांत त्यांनी ओळखखूण म्हणून अंगावर जांभळा त्रिकोण वागवला, हाल सोसले, कित्येकांचे जीव गेले, पण हातात बंदूक घेतली नाही. म्हणून त्यांची आकडेमोड मी मान्य करावी, असं मात्र होत नाही.

आता दिवसांचा हिशेब. मी मोबाईलच्या कॅलेंडरवर मोजून बघितलं. दोन मेळाव्यांत 1290 दिवस भरतात, हे कबूल. पण सात मेळाव्यांच्या जोड्या होतात एकवीस. दानीएल आणि प्रकटीकरणातले 1260, 1290, 1335 आणि 2300 असे चार आकडे धरले तर जुळवायला 84 संधी मिळतात. त्यात मेळाव्याची तारीख ठरवणारे तुम्हीच, आणि दानीएल तुम्ही आधीच वाचलेला. शिवाय दानीएल 12:11 मध्ये मोजणीची सुरुवात दिलेली आहे: नित्याचं अर्पण बंद होऊन मंदिर भ्रष्ट होतं, तिथून. पुष्कळ अभ्यासक ती इ.स.पू. 167 मधल्या अँटिओकस चौथा या राजाच्या अत्याचारांशी जोडतात. मेळाव्याचा तिथं मागमूस नाही. आणि लागोपाठच्या दोन ओव्या सरळ वाचल्या तर 1290 आणि 1335 एकाच दिवसापासून मोजायचे, फरक फक्त 45 दिवसांचा. ऑडिओत मात्र एक आकडा संपला की तिथून दुसरा सुरू होतो. वॉच टॉवरनंही असंच केलं होतं: जानेवारी 1919 ते सप्टेंबर 1922, आणि तिथून पुढं मे 1926.

महापुराचं ऐकून तर माझा संताप झाला. "पाण्यापासून सावध राहा," असं म्हणे 2021 च्या जूनमध्ये सांगितलं होतं. कोल्हापुरात जूनमध्ये हे कोण सांगत नाही? 2005 ला पाणी आलं, 2019 ला आलं. आपल्याकडं इशारा कशाला म्हणतात ते शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले हे तासातासाला कळतं. आकडा आधी, सगळ्यांसमोर. पाणी त्या आकड्याला पोचलं की नाही हे बंधाऱ्यावर जाऊन कुणीही बघावं. त्या भरवशावर आंबेवाडी-चिखलीची माणसं जनावरं सोडवून घर सोडतात. पूर ओसरल्यावर "आम्ही म्हटलं होतं" म्हणणाऱ्याच्या भरवशावर कुणी दावं सोडेल का?

बाकी ख्रिस्ताच्या पुनरागमनाची तारीख अमेरिकन प्रचारक विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 धरली होती, तर न्यायाच्या दिवसाची तारीख रेडिओवरचे प्रचारक हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी 21 मे 2011. त्या दिवसाची आणि घटकेची खबर पित्याशिवाय कुणालाच नाही, हे मत्तय 24:36 मध्ये आहे. संदेष्ट्याचं बोलणं घडलं नाही तर ते परमेश्वराचं नव्हे, हे बायबलातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, 18:22 मध्ये आहे. दोन्ही ओव्या मावशीला पाठ आहेत.

तिला ऑपरेशनची नवी तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली आहे. ज्यांनी तिला तो ऑडिओ पाठवला, त्यांनी त्याच ग्रुपवर तिला लिहावं की जा, डोळा करून घे. माझं ती ऐकत नाही, तुमचं ऐकते.