‘स्वभावाला औषध नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज सगळीकडे फिरतोय: ‘पर्सनॅलिटी डिसऑर्डर हे परदेशी खूळ. तो आजार नव्हेच, स्वभाव आहे आणि स्वभावाला औषध नाही. अशी माणसं नाटकं करतात, कधीच सुधारत नाहीत. वेळीच संबंध तोडा.’ उपचार घेणाऱ्या कुणी हे वाचलं तर तो उपचार सोडून देईल, याची मला खरोखर भीती वाटते.

परदेशी खूळ म्हणाल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या १३ देशांतल्या पाहणीत नायजेरिया, चीन, कोलंबिया, लेबनॉनही होते. पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं, म्हणजे व्यक्तिमत्त्व विकाराचं, एकूण प्रमाण निघालं सुमारे ६ टक्के.

नुसता स्वभाव? तापट, संशयी, हळवे आपण सगळेच कमीअधिक असतो. घरी, कामावर, मैत्रीत वर्षानुवर्षं त्याच कारणाने सगळं मोडत जातं, तेव्हा डॉक्टर विकार म्हणतात. २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात तर तो सौम्य, मध्यम की तीव्र, हे आधी ठरवतात.

‘नाटकं’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकला. या विकाराचा एक प्रकार बॉर्डरलाइन: भावना झपाट्याने उसळतात, सोडून दिलं जाण्याची भीती सतत असते. तासभर रिप्लाय आला नाही की इतरांना वाटतं, कामात असेल. बॉर्डरलाइन असलेल्या मुलीला वाटतं, मला सोडलं. मग फोनवर फोन, शिव्या, स्वतःला इजा आणि त्यानंतर जीवघेणी शरम. यात आत्महत्येचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. प्रेक्षक नसतानाही हे सगळं घडतं.

औषधाबद्दल मेसेज अर्धा खरा आहे: मूळ विकारावर गोळी नाही. पण मानसोपचार आहेत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांच्या उपचारपद्धतीत रुग्ण रोज एका कार्डावर भावना किती तीव्र होती, इजा करावीशी वाटली का, हे आकड्यांत लिहितो. पुढच्या भेटीत थेरपिस्टसोबत त्या दिवसाचा एकेक क्षण उलगडतात: रिप्लाय आला नाही, मग मनात काय आलं, मग हात कुठे गेला? लिनेहान स्वतः तरुणपणी याच यातनांतून गेल्या होत्या. २०११मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं.

आणि सुधारणा? अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयाने बॉर्डरलाइनच्या २९० रुग्णांचा पाठपुरावा केला. १० वर्षांत ९३ टक्क्यांची लक्षणं सलग निदान दोन वर्षं ओसरलेली होती. नोकरी आणि नाती यांची घडी मात्र निम्म्यांचीच नीट बसली. तिथे वेळ लागतो, साथ लागते.

मारहाण होत असेल तर जरूर दूर व्हा, आधी जीव सांभाळा. पण निव्वळ निदान कळलं म्हणून कुणाला तोडू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर घरच्यांनाही बोलता येतं.