दोन स्टारच्या अभिप्रायाला स्टुडिओचं उत्तर

नमस्कार.

तुमच्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोंवर तुम्ही दोन स्टार दिलेत. तक्रारी अशा : अंतरपाट सरकला त्या क्षणी फक्त ताई दिसते, जावई दिसत नाहीत; कानपिळीत तुमची पाठ आली आहे; आजींचा एकटीचा फोटो नाही; स्टेजवरचे चेहरे जांभळे आहेत; ड्रोन उडवला नाही; रॉ फाइल (कॅमेऱ्यातली मूळ, एडिट न केलेली) देत नाही; आणि 'पेजवर दाखवतात एक, हातात देतात भलतंच'. अभिप्राय काढा असं मी म्हणणार नाही. पण यंदा बडोद्यात फोटोग्राफर शोधणारी मंडळी तो वाचून मला विचारताहेत, म्हणून उत्तरही इथेच देतो.

खरी बोच अंतरपाटाची आहे, हे मला कळतं. शेवटचं 'सावधान' झालं, अक्षता पडल्या, पाट बाजूला झाला आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, हे सगळं दोन-तीन सेकंदांचं काम. दोघं समोरासमोर असतात. एका कॅमेऱ्याला एकाचा चेहरा मिळतो आणि दुसऱ्याचं डोकं. कडेने घ्यावं तर तिथे पाट धरणारे उभे, वधूच्या मागे मामा, आणि भोवती मोबाइल उंचावलेले नातेवाईक. दोन्ही चेहरे हवे असतील तर दोन बाजूंना दोन माणसं लागतात. तुमच्या कोटेशनमध्ये दुसऱ्या कँडिड फोटोग्राफरची ओळ होती. बाबांनी ती खोडली आणि त्या पैशांत व्हिडिओ कॅमेऱ्याची क्रेन घेतली. निर्णय त्यांचा, पैसे त्यांचे, आणि क्रेनवरचा व्हिडिओ चांगला झालाय असं तुम्हीच लिहिलंय. पण क्रेन वरून मंडप दाखवते. ताईकडे पाहताना जावयांच्या डोळ्यांत काय होतं, ते क्रेनला दिसत नाही. माझ्या मते वाचवायचेच असतील तर क्रेनचे पैसे वाचवावेत, माणसाचे नाही. हे मी तेव्हाही बोललो होतो.

त्यात तुमच्याकडे दोन्ही पद्धती होत्या. गोरज मुहूर्तावर मंगलाष्टकं, लगेच लाजाहोम, मग गुजराती पद्धतीचा हस्तमेळाप, म्हणजे हातात हात देणं. बडोद्यात अशी मराठी-गुजराती लग्नं आम्ही नेहमी करतो, त्यामुळे पोंखताना, म्हणजे दारात नवरदेवाला ओवाळताना, आईंनी जावयांचं नाक धरलं तेव्हा आमच्या टीममधला मुलगा आधीच समोर उभा होता. तो फोटो तुमच्या स्टेटसला पाहिला. कानपिळीला मात्र तुम्हीच कॅमेऱ्याकडे पाठ करून वाकलात. 'दादा, जरा इकडे वळा' असं आमच्या मुलाने दोनदा म्हटल्याचं व्हिडिओत ऐकू येतं. चालू विधीत आम्ही कुणाला हाताला धरून फिरवत नाही.

आता जांभळे चेहरे. नोव्हेंबरअखेर आपल्याकडे सहाच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे गोरज मुहूर्ताला उजेड हॉलचाच. डेकोरेशनवाल्याने स्टेजवर जांभळे एलईडी पार दिवे लावले होते आणि मागे एलईडी वॉल होती. त्वचेवर पडलेला एकरंगी प्रकाश एडिटिंगमध्ये पूर्ण निघत नाही. जांभळा काढला की चेहरा राखाडी दिसतो. वॉलवर पट्टे येऊ नयेत म्हणून शटरचा वेगही हवा तसा वाढवता येत नाही. विधी चालू असेपर्यंत पुढून साधा पिवळसर पांढरा लाइट ठेवायचा आणि रंग रिसेप्शनला लावायचे, एवढं डेकोरेशनवाल्याला आधी सांगितलं तरी पुरतं. सांगायचं कुणी? मी सांगतो, पण तो ऐकतो पैसे देणाऱ्याचं.

इथेच पेजचा मुद्दा येतो. पेजवर आमचे सोनेरी फोटो आहेत ते बहुतेक सकाळच्या मुहूर्ताचे, मोकळ्या लॉनवरचे. ते खरे आहेत, आमचेच आहेत, पण अनेक लग्नांतून निवडून काढलेले आहेत. सगळेच स्टुडिओ तसं करतात. पहिल्या भेटीत मी तुमच्यासमोर रात्रीच्या हॉलमधलं एक अख्खं लग्न उघडलं होतं, तुम्ही चार फोटो पाहून 'रील पाहिली आहे, पुरे' म्हणालात. वाचणाऱ्यांना कळकळीने सांगतो, मला बोलवा किंवा दुसऱ्या कुणाला, पण तुमच्यासारख्याच हॉलमधलं, तुमच्याच वेळेचं एक पूर्ण लग्न सीमांतपूजनापासून पाठवणीपर्यंत बघा. कंटाळवाणे फोटोही बघा. आणि ज्याचं काम बघताय तोच येणार का, हे नाव घेऊन विचारा आणि लिहून घ्या. तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि डिसेंबरच्या मध्यावर गुजराती मंडळींची कमुरतां, म्हणजे लग्न न करण्याचे दिवस, लागतात. मधल्या महिनाभरात अख्खं शहर लग्न उरकतं. तेव्हा एकाच तारखेला चार ऑर्डर घेऊन बाहेरची मुलं पाठवणारेही असतात.

आजींबद्दल लिहिताना मलाही वाईट वाटतं. त्या एसीजवळ आतल्या खोलीत बसल्या होत्या. ग्रुप फोटोत त्या आहेत, एकट्या नाहीत. 'खास व्यक्ती' हा आमच्या फॉर्मवरचा रकाना तुमच्याकडून कोरा आला होता. फॉर्म नको असेल तर सगळ्यांना ओळखणारी एक आत्या किंवा मावशी तासभर फोटोग्राफरसोबत द्या. फॉर्मपेक्षा ते बरं.

ड्रोनचं उत्तर सरळ आहे. हरणीचा विमानतळ शहराला लागून आहे. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून आठ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. तुमचा हॉल दांडिया बाजारात. 'दुसरे उडवतात' हे खरं असेल, आम्ही नाही उडवत.

रॉ फाइलबद्दल तुम्ही कॉपीराइट कायद्याचा दाखला दिलाय. बरोबर आहे, १९५७ च्या कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाराच असतो. म्हणूनच तुम्हाला विचारल्याशिवाय ताईंचा एकही फोटो आमच्या पेजवर गेलेला नाही. करारात आपण एडिट केलेले जेपेग लिहिले होते, रॉ नव्हे. तरीही हव्याच असतील तर एक टीबीची हार्ड डिस्क घेऊन या, कॉपी करून देतो, पैसे नकोत. घरच्या साध्या मोबाइलवर त्या नीट उघडणार नाहीत, एवढं आधीच सांगतो.

करिझ्मा (छापील पानांचा) अल्बम तुमच्या सिलेक्शनसाठी थांबलाय. सिलेक्शनला याल तेव्हा आजींना घेऊन या. आमच्या स्टुडिओत उत्तरेची खिडकी आहे, दुपारी चारनंतर तिथे छान उजेड असतो. नऊवारी नेसल्या तर उत्तमच. तो फोटो अल्बमच्या पहिल्या पानांत बसवू, त्याचं बिल लावणार नाही. सोमवारी स्टुडिओ बंद असतो.