माझ्याच विद्यापीठात मी पाहुणी

माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर 'पुणे विद्यापीठ' असं छापलंय. साल १९९४. पण ज्या विद्यापीठानं मला पदवीधर केलं, त्याच्या फाटकातून मी पहिल्यांदा आत गेले ती परवा, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. तेही भाचीची सोबत म्हणून.

संगमनेरला कॉलेज केलेल्या आम्हा बहुतेकांची हीच गत. पुणे, नगर आणि नाशिक जिल्ह्यांतली कॉलेजं या विद्यापीठाला जोडलेली. पेपर तिथून यायचे, निकाल तिथून यायचा, परीक्षा फी तिकडं जायची. कॉलेजच्या ऑफिसात "विद्यापीठाचा नियम आहे" असं म्हटलं की विषय संपायचा. आमच्या लेखी विद्यापीठ म्हणजे एक गोल शिक्का. त्याला पत्ता असेल, तिथं रस्ते असतील, बाकं असतील, पाऊस पडत असेल, असं कधी मनातही आलं नाही.

घरातले एकटे अण्णा तिथं जाऊन आले होते. भावाचं मायग्रेशन सर्टिफिकेट आणायला. पहाटेच्या एसटीनं गेले, शिवाजीनगर स्टँडला उतरले, रात्री उशिरा परत. आई विचारतेय, काम झालं का? आणि हे चपला काढता काढता म्हणतायत, "काय झाडं आहेत गं तिथं! भाकरी सोडली ती एका वडाखालीच." कागदाचं नंतर, जेवताना सांगितलं. अण्णांची विद्यापीठाबद्दलची सगळी माहिती एवढीच, आणि तीस वर्षं माझीही एवढीच.

(शिवाजीनगरचं स्टँड आता तिथं नाही, मेट्रोच्या कामात वाकडेवाडीला गेलं. आम्ही तिथंच उतरलो.)

तर भाचीची एम.एस्सी. फिजिक्सची कागदपत्र पडताळणी होती. "आत्या, तू बस कुठंतरी, मला दोन-तीन तास लागतील." बाहेर माझ्यासारखे सोबत आलेले बरेच जण होते. मांडीवर पिशवी, हातात मोबाईल, चेहऱ्यावर दवाखान्याबाहेर बसल्यासारखं काहीतरी. दहा मिनिटं मीही बसले. मग छत्री उघडली आणि निघाले.

फाटकावर सकाळी रखवालदारानं विचारलं होतं, "कुठं जायचंय ताई?" भाचीची ॲडमिशन म्हटल्यावर "जा" म्हणाला. इतकं सोपं. पण भाची नसती तर मी काय सांगणार होते? काही वर्षांपूर्वी एका दुसऱ्या शहरात, दुसऱ्याच एका संस्थेच्या फाटकावर मला "काम काय?" विचारलं होतं. म्हटलं, आवार छान दिसतंय, जरा बघायचंय. त्यानं रजिस्टर दाखवलं. नाव, गाव, कोणाला भेटायचं, काय काम. 'नुसतं बघायचंय' याला रकाना नव्हता. परत फिरले. ते माझ्या मनात अजून आहे, म्हणून हे सगळं लिहितेय.

आत आल्यावर पहिली जाणीव होते ती आवाजाची. विद्यापीठ चौकात हॉर्न, मेट्रोचे खांब, उड्डाणपूल, सिग्नलला तुंबलेल्या गाड्या. तिथून पाच-सात मिनिटं आत चालत आलं की आपल्याच छत्रीवर पडणारे थेंब ऐकू येतात. ४११ एकरांचं आवार आहे. तीन तासांत मी त्यातला कोपराच पाहिला असणार.

मुख्य इमारत तुम्ही फोटोत पाहिलेली असते. काळा दगड, कमानींची रांग, मध्ये सुमारे ८० फुटी मनोरा. ही मुंबईच्या गव्हर्नराची कोठी होती, गव्हर्नमेंट हाऊस. गव्हर्नर हिवाळ्यात मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला राहायचा. म्हणजे ही जागा मुळात पावसाळा घालवण्यासाठी बांधलेली! जुलैत, भिजलेल्या हिरवळीसमोर उभं राहिलं की ते लगेच पटतं. बांधकाम १८६४ ला सुरू झालं, १८७१ ला पुरं झालं. ज्याच्या काळात काढलं तो गव्हर्नर बार्टल फ्रेअर १८६७ लाच पायउतार झाला होता. घर बांधायचं एकानं, राहायचं दुसऱ्यानं, हे आपल्याकडे काही नवीन नाही म्हणा. याच फ्रेअरच्या कारकिर्दीत मुंबईच्या फोर्टचे तट पाडले गेले. हे लक्षात ठेवा, भिंतींकडे मला पुन्हा यायचंय.

२२ जून १८९७ च्या रात्री याच कोठीवर व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाल्याचा समारंभ होता. तो आटोपून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्टवर गोळ्या झाडल्या. शाळेत पाच मार्कांना आलेला हा प्रश्न. उत्तर पाठ होतं, पण ते लोक कुठून निघाले होते हे मला माहीतच नव्हतं. जिथून त्यांच्या घोडागाड्या सुटल्या त्या अंगणात मी छत्री धरून उभी होते, आणि समोर सावित्रीबाईंचा पुतळा होता. १९४९ साली इथं विद्यापीठ आलं, मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि २०१४ पासून नावात सावित्रीबाई आल्या. ज्या कोठीच्या दारात साध्या रयतेला उभं केलं नसतं, तिथं आता त्यांच्या नावाची पाटी आहे. मला तिथून हलायला जरा वेळ लागला.

आता झाडं. वड खूप आहेत, पारंब्या जमिनीत रुजून त्यांचेच खांब झालेले. पर्जन्यवृक्ष आहेत, रस्त्यावर दोन्ही बाजूंनी छत धरलेले. आभाळ भरून आलं की त्यांची पानं मिटतात. हे झाड आपलं नाही, दक्षिण अमेरिकेतून आलेलं, पण एवढी मोठी सावली पाडल्यावर कोण विचारतंय. बुचाची फुलं ओल्या डांबरावर पडलेली. एका उंबरावर धनेशाची जोडी दिसली, करड्या रंगाची, बाकदार चोचीची. दोघं फांदीवरून असे सरकत होते की खाली कोण उभं आहे याची त्यांना काडीची पर्वा नव्हती.

सगळंच हिरवं सारखं नसतं, हेही सांगते. गिरिपुष्पही भरपूर दिसलं. त्याचं मूळ मध्य अमेरिकेतलं. पुण्याच्या टेकड्यांवर एके काळी भराभर लावलं, कारण ते लवकर वाढतं आणि गुरं त्याला फारशी तोंड लावत नाहीत. पण त्याच्या दाटीखाली बाकीचं फार काही येत नाही. लांबून रान दिसतं, जवळ गेलं की एकाच झाडाची गर्दी. 'आमचा परिसर किती हिरवा' असे फोटो टाकणाऱ्या सगळ्याच संस्थांनी एकदा आपलं हिरवं कसलं आहे ते मोजून बघावं.

चालताना एक गोष्ट मात्र मला माझ्याच विरोधात कबूल करावी लागली. ही झाडं राहिली ती भिंतीमुळे. बाहेरच्या गणेशखिंड रस्त्यावरची जुनी झाडं रुंदीकरणात गेली. समोरच्या बाजूला कृषी विद्यापीठाची जुनी गणेशखिंड बाग आहे, १८७३ ची, तीही कुंपणाआड. पलीकडे खडकीचं लष्कर, तिथंही भिंत. पुण्यात सपाटीवर जिथं जिथं जुनं मोठं झाड उभं आहे, तिथं बहुधा कोणीतरी 'आत येऊ नका' असं म्हटलेलं असतं. मोकळ्या जागेला आपण मैदान म्हणतो, मग पार्किंग म्हणतो, मग प्लॉट म्हणतो. फ्रेअरनं मुंबईत तट पाडले, शहर वाढलं, ठीक. पण इथं भिंत पडली तर दहा वर्षांत काय होईल हे मला नगररचनेतला तज्ज्ञ सांगायला नको.

म्हणजे भिंत हवी. मग मी कशावर चिडतेय? भिंतीवर नाही. रजिस्टरमधल्या त्या नसलेल्या रकान्यावर.

माझ्या भाचीचंच घ्या. ती फिजिक्सकडे कशी वळली? आठवीत असताना शाळेची बस पुण्याला आली होती. विद्यापीठाच्या आवारातच 'आयुका' आहे. जयंत नारळीकरांनी १९८८ साली उभी केलेली संस्था, इमारत चार्ल्स कोरियांची. खगोलशास्त्राच्या संशोधनाची जागा आहे, तिथं रोज उठून कोणीही शिरावं असं मीही म्हणणार नाही. पण २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, ते लोकांसाठी दारं उघडतात. त्या दिवशी तिनं फूकोचा लंबक पाहिला. लंबक झुलतो आणि झोक्याची दिशा हळूहळू सरकत जाते, कारण खालची पृथ्वी फिरतेय. घरी येऊन म्हणाली, "आत्या, पुण्यात त्याला पूर्ण फेरी मारायला ७५ तास लागतात. ध्रुवावर असता तर दिवसात झाली असती." मला काही कळलं नाही. पण तिचे डोळे मला कळले. तिथल्या मुलांच्या विज्ञान केंद्राला पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानानं पैसे दिलेत आणि इमारतीचं नाव आहे 'पुलस्त्य'. सप्तर्षींतला एक तारा, आणि त्यात पु.ल. लपलेले. हे नाव ज्याला सुचलं त्याला माझा नमस्कार.

एक बस, एक दिवस. आज ती मुलगी त्याच आवारात कागदांची फाईल घेऊन रांगेत उभी होती.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. संलग्न कॉलेजातल्या प्रत्येक पोराला, मग ते अकोल्याचं असो की सटाण्याचं (अकोले म्हणतेय मी, नगर जिल्ह्यातलं. विदर्भवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये), पहिल्या वर्षात एकदा विद्यापीठ दाखवा. भाषण नको, स्वागत समारंभ नको. मनोऱ्यासमोर उभं करा, जयकर ग्रंथालयाच्या पायऱ्या चढू द्या, वडाखाली डबा खाऊ द्या. ज्याच्या नावानं तीन वर्षं फी भरायची आणि जन्मभर ज्याचं नाव बायोडेटात लिहायचं, ते गाव एकदा बघायला नको? आणि आमच्यासारख्या जुन्यांना फाटकावर पदवीचा कागद दाखवून आत सोडा. ओळखपत्र म्हणून तो इतर कुठं चालत नाहीच, इथं तरी चालू दे.

कोणी म्हणेल, लोक आले की कचरा येतो. येतो. मी स्वतः वेफर्सची दोन पाकिटं उचलली, आणि एका नवरा-नवरीचं फोटोशूट झाडाच्या पारंबीला लोंबकळताना पाहिलं (नवरदेव लोंबकळत होता). अशांना बाहेर काढा, खुशाल दंड करा. पण त्यांच्यामुळे शांतपणे चालणाऱ्या बाईला 'काम काय' विचारू नका. बघणं हेच तिचं काम आहे.

अडीचच्या सुमारास भाचीचा फोन आला, झालं म्हणून. डबा माझ्या पिशवीत होता, मेथीची भाजी आणि भाकरी. पाऊस थांबला होता. ओलं बाक रुमालानं पुसलं आणि बसलो. तिला अण्णांची गोष्ट सांगितली, ती त्यांची नात, पण तिला हे कोणी सांगितलंच नव्हतं. ऐकल्यावर तिनं आजूबाजूला पाहिलं. "यातला कुठला वड गं, आत्या?"

मला काय माहीत! मी सगळ्यात जाडजूड दिसणाऱ्या एकाकडे बोट दाखवलं. ती डबा घेऊन उठली आणि त्याच्याखाली जाऊन बसली.