नेट बंद पडलं की लगेच टाचणी शोधू नका

‘मोबाइलवर नेट चालतंय आणि कॉम्प्युटरवर नाही, म्हणजे बिघाड कॉम्प्युटरमध्येच. नेटवाल्याला बोलावू नका, उगाच पैसे मागेल. राउटरच्या मागचं रीसेट बटण टाचणीने दाबा, डीएनएसला ८.८.८.८ टाका, अँटीव्हायरस आणि फायरवॉल काढून टाका. तरीही जमलं नाही तर विंडोज नव्याने टाका, शंभर टक्के चालेल.’

साधारण अशा मजकुराचा संदेश सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर फिरत असतो. लोकांना तो पटतो, कारण त्यातला प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या बिघाडावर खरोखर लागू पडतो. गोची अशी, की नेमकं अडलंय कुठे हे न बघताच सगळे उपाय एकापाठोपाठ करायला सांगितलेत, आणि त्यातले दोन एकदा केले की मागे घेता येत नाहीत.

पहिलंच विधान घ्या, मोबाइलवर चालतंय म्हणजे दोष कॉम्प्युटरचा. वायफाय जोडलेलं आहे पण पुढे इंटरनेट नाही, असं लक्षात आलं की बरेच फोन गुपचूप सिमच्या डेटावर जातात. व्हॉट्सअॅप चालू राहतं आणि घरची लाइन बंद आहे हे कळतही नाही. म्हणून फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करा आणि मग एखादी साइट उघडून बघा. उघडली नाही तर कॉम्प्युटरला हात लावायचं कारणच नाही. फायबरचं कनेक्शन असेल तर भिंतीवरच्या डबीकडे बघा. ‘एलओएस’चा दिवा लाल लुकलुकत असेल तर डबीपर्यंत प्रकाशच पोहोचत नाहीये. वायर कुठेतरी तुटलीय, दाबली गेलीय किंवा नको तितकी वाकलीय. हे काम नेटवाल्याचंच. दिवे ठीक आहेत पण नेट नाही, तर पॅक संपलाय का तेही बघून घ्या. मात्र तक्रारीचा नंबर बिलावरचा किंवा कंपनीच्या अॅपमधला घ्या. सर्चमध्ये दिसलेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन लावून त्याने सांगितलेलं स्क्रीन दाखवणारं अॅप टाकलं, तर पुढचा फोन १९३० या सायबर हेल्पलाइनला करायची वेळ येते.

डेटा बंद करूनही फोनवर नेट चालतंय, असं समजू. तरी कॉम्प्युटर ‘खराब’ ठरत नाही. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. फोन ५ च्या पट्ट्यावर असू शकतो. जुन्या लॅपटॉपला फक्त २.४ दिसतं आणि राउटरवर नेमकं तेच बंद असू शकतं. एक लॅनची वायर थेट राउटरला लावून बघा. वायरने चालत असेल तर भांडण फक्त वायफायचं आहे.

तरीही अडलं तर विंडोजमधला कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची काळी खिडकी) उघडून ‘आयपीकॉन्फिग’ (अर्थात इंग्रजी अक्षरांत) टाइप करा. कॉम्प्युटरचा आकड्यांतला पत्ता (आयपी) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि विंडोजने स्वतःच एक तात्पुरता लावून घेतलाय. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर सहसा राउटरपर्यंत सगळं ठीक आहे, अडचण त्यापुढे आहे. संदेशातला एकही उपाय करण्याआधी एवढं तरी बघायला हवं.

आता टाचणी. राउटर बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं आणि रीसेट करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली बिनधास्त करा. दुसरीने राउटरमधलं सगळं पुसलं जातं. गल्लीतल्या केबलवाल्याकडून घेतलेल्या अनेक कनेक्शनांमध्ये लॉगिनचं नाव आणि पासवर्ड राउटरमध्येच भरलेले असतात. ते ग्राहकाला कुणी लिहून दिलेले नसतात. काही कंपन्यांच्या डब्या रीसेटनंतर आपलं आपण सगळं परत भरून घेतात, पण तुमची त्यातली आहे का हे टाचणी घालण्याआधी विचारा. नाहीतर फक्त कॉम्प्युटरचं नेट बंद होतं, ते अख्ख्या घराचं होईल आणि ज्याला बोलवायचं नव्हतं त्याचीच वाट बघत बसाल. शिवाय वायफायचं नाव-पासवर्ड बदलल्यामुळे टीव्ही, प्रिंटर, कॅमेरा सगळे पुन्हा जोडत बसायचं, ते वेगळंच.

८.८.८.८ ही गुगलची सेवा, २००९ च्या डिसेंबरात सुरू झालेली. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता शोधून देणं हे डीएनएसचं काम. त्यामुळे आधी त्याच काळ्या खिडकीत ‘पिंग ८.८.८.८’ (‘पिंग’ इंग्रजीत) टाइप करून तिकडून उत्तर येतं का बघा. उत्तरं येतायत पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस बदलणं योग्यच. उत्तरच येत नसेल तर रस्ताच बंद आहे, पत्ता शोधणारा बदलून काय होणार? ऑफिसच्या लॅपटॉपवर तर हा प्रयोग नकोच, ऑफिसच्या आतल्या साइट उघडेनाशा होऊ शकतात.

अँटीव्हायरसबद्दल थोडक्यात. दोन मिनिटं बंद करा, बघा, परत चालू करा. काढून टाकू नका. त्यापेक्षा जुन्या व्हीपीएन अॅपने मागे ठेवलेली प्रॉक्सी सेटिंग (नेट दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारी) शोधा, ती बंद केली की पुष्कळदा काम होतं. सगळ्याच साइट ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणत असतील तर कॉम्प्युटरची तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की तारीख काही वर्षं मागे जाते आणि ब्राउझर साइटची ओळख पटवणारी, ठरावीक मुदतीची प्रमाणपत्रं नाकारतो. नेट ठणठणीत असतं. या साध्या कारणाचा संदेशात उल्लेखही नाही.

राहिलं विंडोज नव्याने टाकणं. नव्या विंडोजमध्ये तुमच्या वायफायचा ड्रायव्हर (ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) नसेल तर तो उतरवून घ्यायला नेटच लागतं. विंडोज ११ तर सुरुवातीच्या मांडणीतच इंटरनेट मागतं. त्याआधी अँड्रॉइड फोन वायरने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, म्हणजे फोनचं नेट वायरने कॉम्प्युटरला मिळेल. त्यावर साइट उघडल्या तर विंडोज बहुधा धडधाकट आहे. मग सेटिंग्जमधलं ‘नेटवर्क रीसेट’ करून बघा, फक्त वायफायचा पासवर्ड आधी लिहून ठेवा. तेही फसलं तर कॉम्प्युटरच्या आतल्या वायफायऐवजी वापरायला काही शे रुपयांचा यूएसबी वायफाय अडॅप्टर आणा.